हरवलेल्या फाइलींची रोजकीर्द : डिस्कची विस्कटलेली घडी सावरण्याचा इतिहास

१/१२
नोव्हेंबर २००१. लिनक्सच्या २.४.१५ या आवृत्तीत 'एक्स्ट-३' ही नवी फाइल सिस्टीम अधिकृतपणे दाखल झाली. अचानक वीज गेली तरी डिस्कवरील मांडणी विस्कटू नये, हे तिचे प्रयोजन. दैवदुर्विलास असा, की त्याच आवृत्तीतील एका वेगळ्याच दोषामुळे डिस्क अनमाउंट करताना फाइल सिस्टीम बिघडू लागली! काही दिवसांतच २.४.१६ ही दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. या प्रसंगामागे तीन दशकांची एक झुंज उभी आहे.

२/१२
हार्ड डिस्कचा जन्म १९५६चा. आयबीएमच्या 'रामॅक' यंत्रातील डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. डिस्कला स्वतःला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नसते. तिच्यापाशी असतात ते केवळ क्रमांकित कप्पे, म्हणजेच ब्लॉक. कोणत्या कप्प्यात कोणाचे काय ठेवले आहे, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टीम. ग्रंथालयातील तालिका फाटली, तर पुस्तके फडताळावर असूनही सापडत नाहीत. इथेही तेच घडते.

३/१२
ही नोंदवही बिघडते कशी? एक नवी फाइल निर्माण करायची, तर डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते : फाइलच्या माहितीची नोंद, डिरेक्टरीतील नाव आणि रिकाम्या ब्लॉकांचा हिशेब. ही तिन्ही लिखाणे एका क्षणी होत नाहीत. त्यात भर म्हणजे, वेग वाढावा म्हणून युनिक्स बदल आधी मेमरीत साठवून ठेवी आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्कवर उतरवी. नेमकी त्या अवधीत वीज गेली, की एक नोंद दुसरीला खोटे पाडते. एकाच ब्लॉकवर दोन फाइली हक्क सांगतात, तर एखादा ब्लॉक कोणाचाच उरत नाही.

४/१२
बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचा पाया घातला गेला, तेव्हापासून हा धोका तिच्या कर्त्यांसमोर होता. डेनिस रिची आणि केन थॉम्प्सन यांच्या १९७४च्या प्रसिद्ध निबंधात तपासणीचे तत्त्व स्पष्ट मांडले आहे : वापरातील ब्लॉक आणि रिकामे ब्लॉक यांत एकही सामाईक नसावा आणि दोहोंची बेरीज संपूर्ण डिस्कएवढी भरावी. हिशेब जुळला नाही, तर कुठेतरी घोळ आहे.

५/१२
तत्त्व सोपे असले तरी दुरुस्ती जोखमीची होती. आय-चेक, डी-चेक अशी सुटी साधने दोष दाखवत. पुढचा निर्णय मात्र माणसाने घ्यायचा. 'सीएलआरआय' या आज्ञेने फाइलची बिघडलेली नोंद पुसता येई, पण क्रमांक चुकला तर धडधाकट फाइल हातची जाई.

६/१२
१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमधील टेड कोवाल्स्की यांनी ही कामे 'एफएससीके' या एकाच प्रोग्रॅममध्ये गुंफली. ब्लॉक, मार्गनावे, जोडण्या, संदर्भांची संख्या आणि रिकाम्या जागेचा हिशेब, अशा पाच टप्प्यांत तो डिस्क तपासतो. ज्या फाइलींचे नाव व ठिकाण हरवले आहे, त्या तो 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत ठेवतो. तिथे फाइल मिळते, पण नावाऐवजी नुसता क्रमांक घेऊन.

७/१२
घरगुती संगणकांची कथा समांतर चालली. मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७च्या सुमारास रचलेल्या 'फॅट' पद्धतीत सारा हिशेब एका तक्त्यात असे. पुढे डॉसच्या डिस्कांवर खबरदारी म्हणून त्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती ठेवल्या जात. वीज गेल्यानंतर विंडोज ९८ सुरू होताना दिसणारा 'स्कॅनडिस्क'चा निळा पडदा म्हणजे त्याच तक्त्याची तपासणी.

८/१२
दुसऱ्या प्रतीचे मोल २६ एप्रिल १९९९ रोजी कळले. 'सीआयएच' या विषाणूने त्या दिवशी आशियातील असंख्य संगणकांच्या डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकला. अनेकांनी डिस्क रिकामी झाली असे समजून ती नव्याने फॉरमॅट केली. वास्तविक, मोठ्या डिस्कवर तक्त्याची दुसरी प्रत त्या पुसलेल्या भागाच्या पलीकडे शाबूत असे आणि तिच्या आधारे बहुतांश फाइली परत मिळवता येत. जे घाईने डिस्क पुसायला धावले नाहीत, त्यांचे बरेचसे वाचले.

९/१२
इकडे डिस्क मोठ्या होत गेल्या आणि एफएससीकेचा वेळ मिनिटांवरून तासांवर गेला. उपाय सापडला तो हिशेबाच्या जुन्याच रीतीत. पेढीवरचा मुनीम व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. खतावणी अर्धवट राहिली, तर रोजकीर्द उघडून ती पूर्ण करता येते. फाइल सिस्टीममधील या पद्धतीला 'जर्नलिंग' म्हणतात.

१०/१२
डेटाबेसमध्ये रुळलेली ही कल्पना झेरॉक्स पार्कच्या 'सीडर' फाइल सिस्टीममध्ये १९८७ साली रॉबर्ट हॅगमन यांनी आणली. १९९० मध्ये आयबीएमची 'जेएफएस', १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत 'एनटीएफएस' आणि पुढे स्टीफन ट्वीडी यांची 'एक्स्ट-३' अशी तिची वाटचाल झाली. तासांची तपासणी काही सेकंदांवर आली. मात्र बहुतेक ठिकाणी रोजकीर्दीत केवळ नोंदवहीचे बदल लिहिले जातात, फाइलमधील मजकूर नव्हे. त्यामुळे मांडणी सावरते, शेवटचा परिच्छेद मात्र हरवू शकतो.

११/१२
आणि डिस्कच चुकीचे वाचून देऊ लागली तर? सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ पासून घडवलेल्या 'झेडएफएस'ने प्रत्येक ब्लॉकसाठी चेकसम ठेवला आणि जुन्या नोंदीवर नवी नोंद न लिहिण्याचा दंडक घातला. त्यामुळे बिघाड लपून राहत नाही. तरीही दुरुस्तीसाठी दुसरी प्रत लागतेच.

१२/१२
या इतिहासाचा धडा व्यवहारात उतरतो तो असा. डिस्क बिघडल्याचे दिसताच तिच्यावर लिहिणे थांबवावे. आधी संपूर्ण डिस्कची ब्लॉकनिहाय नक्कल करावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. कारण एफएससीके असो वा चेकडिस्क, त्यांचे काम हिशेब जुळवणे हे आहे. तो जुळवण्यासाठी ती साधने न जुळणारी नोंद निःसंकोच खोडतात, आणि कधी नेमकी तीच नोंद हवी असते. जीर्ण दस्तऐवज हाताळणारा अभ्यासक मूळ कागदावर शाई लावत नाही. डिस्कलाही तोच न्याय.