साडेपाचचं ऊन

साल इसवी सनापूर्वी 1300च्या आसपासचं. तुम्ही इनामगावात घोड नदीकाठी उभे आहात. मागे मातीच्या भिंतींची चौकोनी घरं, पलीकडे सातूची शेतं. थंडीचे दिवस आहेत, ऊन कलतंय आणि एक बैलगाडी मावळतीच्या दिशेनं निघाली आहे. (गाडी माझ्या पदरची नाही. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं, त्यात सापडलेल्या एका भांड्यावर बैलगाडी रेखाटलेली आहे.) हाकणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ तिरीप घुसते. तो मान खाली घालतो, बैल आपल्या चालीनं वाट धरतात. आडवं आलेलं पोर सहज बाजूला होतं.

आता तेहतीसशे वर्षं पुढे या. गाव तेच, महिना डिसेंबर, घड्याळात साडेपाच. तुम्ही मोटारीत आहात, न्हावऱ्याच्या बाजूला निघालाय, काटा साठवर. काचेवर साखर कारखान्याच्या रस्त्याची धूळ. वळण संपतं आणि समोर एकदम पांढरंफेक होतं. काचेवरचा धुळीचा कण न् कण पेटतो, रस्ता नाहीसा होतो. साठच्या वेगानं दोन सेकंदांत तेहतीस मीटर जातात. ते तुम्ही आंधळेपणानं कापता.

फडातून कोपीकडे निघालेला ऊसतोड कामगार त्याच वेळी रस्ता ओलांडतोय. ऊन त्याच्या पाठीवर आहे, त्यामुळे तुमची गाडी त्याला लख्ख दिसते. गाडी आपल्याला दिसते म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसत असणार, असं त्याला वाटतं. असल्या अपघातातला खरा घात इथंच आहे.

ब्रेक उशिरा लागतो. त्याचा पाय मोडतो, जीव वाचतो. तुम्ही थांबता, त्याला दवाखान्यात नेता. कायद्यानंही ते बंधनकारक आहे. मग हवालदारासमोर बसून सांगता, "साहेब, सूर्य डोळ्यावर आला हो."

"मग सूर्य काय आज पहिल्यांदाच मावळला?"

हवालदाराचा प्रश्न कायद्याच्या भाषेतही टिकतो. दैवी आपत्ती म्हणून सुटायचं, तर घटना अंदाजाबाहेरची असावी लागते. मावळतीची वेळ तर पंचांगात छापलेली असते! पुणे-नगर रस्त्याचंच बघा. शिरूरकडून पुण्याला येताना तो नैर्ऋत्येकडे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत सूर्यही जवळपास त्याच रेषेत उतरतो. उसाचं गाळप जोरात असतं तेही याच महिन्यांत. म्हणजे ट्रॉल्या, बैलगाड्या, पायी माणसं, सगळी एकदम त्या उजेडात. यात अनपेक्षित काय?

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली नोंदवला जातो. माणूस दगावला असता तर कलम 106 लागलं असतं, पाच वर्षांपर्यंत कैद. भरपाईचा दावा पुण्यात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे. तिथं एवढे कठोर पुरावे लागत नाहीत, आणि गंभीर इजेला अडीच लाख रुपये तर चूक सिद्ध न करताही मागता येतात. पैसे विमा कंपनी देईल. फौजदारी खटला मात्र तुमच्या एकट्याचा, त्याचा विमा निघत नाही. काचेला काळी फिल्म लावली असती तर, असं मनात आलं असेल, तर तीही सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच बंद केली आहे.

दोष सगळा तुमचाच, असंही नाही. मागे लाल रिफ्लेक्टर नसलेली, रस्त्याभर ऊस लोंबणारी ट्रॉली आडवी आली, तर तिच्या मालकावरही जबाबदारीचा वाटा येतो. पण दिसत नसताना वेग तसाच ठेवला, हा निर्णय तुमचा होता, सूर्याचा नव्हे.

काळात मागे जायची सोय आहेच, तर फार लांब नको. दहा मिनिटं मागे जा. काच आतून-बाहेरून पुसा, सनव्हायझर खाली घ्या, वेग वीसवर आणा. तरी दिसत नसेल तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि चहा प्या. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.