छत्तीस कलांचा वाद

हिऱ्यास सहा कोटि, आठ पैलू आणि बारा धारा असाव्या, असें आमच्या प्राचीन रत्नपरीक्षकांनीं लिहून ठेविलें आहे. बुद्धभट्टाच्या 'रत्नपरीक्षे'त हें लक्षण आढळतें, आणि खाणींतून निघालेल्या निर्दोष अष्टपैलू हिऱ्यास तें तंतोतंत लागू पडतें. आमच्या जवाहिऱ्यांची दृष्टि किती बारीक होती याचा हा चांगला पुरावा आहे. परंतु ज्यांनीं पैलू मोजले आणि धारा मोजल्या, त्यांनीं दोन पैलूंमधील कोन कांहीं मोजला नाहीं. युरोपांतही सतराव्या शतकापर्यंत याहून फारसें निराळें नव्हतें. रंग, तेज, वजन व कठिणपणा यांवरूनच दगडाची पारख होत असे. आणि यांपैकीं रंगासारखा लबाड साक्षीदार दुसरा नाहीं. एकच गारगोटी पांढरी, जांभळी, गुलाबी, धुरकट अशीं नाना सोंगें घेते, आणि अगदीं निराळ्या जातीचे दोन दगड एकाच रंगाचे असूं शकतात.

येथें एक खुलासा अवश्य आहे. सामान्य बोलण्यांत स्फटिक म्हणजे पारदर्शक गारगोटी. शास्त्रांत मात्र ज्या घन पदार्थास निसर्गतःच सपाट पैलू येतात तो प्रत्येक पदार्थ स्फटिक होय. मीठ, तुरटी, खडीसाखर हीं सर्व स्फटिकरूपच आहेत. या लेखांत आम्हीं तो शब्द याच व्यापक अर्थानें योजिला आहे.

कोनाचें महत्त्व प्रथम ज्याच्या ध्यानांत आलें तो निकोलस स्टेनो हा मूळचा शरीरशास्त्रज्ञ. कोपनहेगन येथें १६३८ सालीं जन्मलेला हा डेन गृहस्थ तस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या आश्रयास फ्लॉरेन्स येथें राहिला होता. त्यानें १६६९ सालीं एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. पृथ्वीच्या थरांविषयींच्या विचारांकरितां तें पुस्तक आज प्रसिद्ध आहे. परंतु त्यांतील आकृत्यांच्या स्पष्टीकरणांत, जणूं जातां जातां, गारगोटीच्या स्फटिकासंबंधानें त्यानें असें नमूद केलें आहे कीं, बाजूंची संख्या व लांबी बदलली तरी कोन बदलत नाहींत. एवढें मोठें तत्त्व चित्राखालच्या मजकुरांत टाकून हा मनुष्य पुढें शास्त्रच सोडून गेला. तो कॅथॉलिक झाला, बिशप झाला, आणि १६८६ सालीं वारला. त्याच्या त्या ओळीचें महत्त्व कळावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

या ओळींतील मर्म असें आहे. स्फटिक वाढतांना एका बाजूस जागा मिळाली तर तिकडे तो फुगतो, दुसरीकडे दबतो. त्यामुळें एकाच जातीचे दोन स्फटिक शेजारी ठेविले तर एक आंखूड व जाड, दुसरा लांब व चपटा, असें होतें. डोळा फसतो. परंतु खोली लांबट असो कीं चौरस असो, गवंड्याचा गुण्या कोपऱ्याला लावला म्हणजे काटकोन तो काटकोनच. तशीच येथें स्थिति आहे. गारगोटीच्या उभ्या पैलूंमधील कोन १२० अंशांचा, आणि उभ्या पैलूचा टोंकाच्या तिरप्या पैलूशीं होणारा कोन १४१ अंश ४७ कलांचा. ती आल्प्समधील असो वा सह्याद्रींतील असो, यांत फरक होत नाहीं.

हें सर्व खनिजांस लागू आहे असें सिद्ध करणारा मनुष्य म्हणजे फ्रेंच पंडित रोमे द लील. याचें चरित्र आमच्या वाचकांस विशेष वाटेल, कारण तो आमच्या देशांत येऊन गेला होता. सन १७५७ मध्यें तो फ्रेंच तोफखान्याच्या पथकाचा चिटणीस म्हणून हिंदुस्थानाकडे निघाला. सन १७६१ मध्यें पाँडिचेरी इंग्रजांच्या हातीं पडली तेव्हां तोही कैद झाला, आणि १७६४ सालीं परत स्वदेशीं पोहोंचला. पुढें पॅरिस येथें धनिकांच्या खनिजसंग्रहांच्या याद्या करून तो पोट भरी. तेथील अॅकॅडमीनें त्यास कधीं सभासद करून घेतलें नाहीं. नुसता यादी करणारा म्हणून मोठमोठे पंडित त्याला हिणवीत. परंतु हजारों दगड हाताळणाऱ्या या यादीकारासच जें दिसलें तें त्या पंडितांस दिसलें नाहीं.

आपल्या ग्रंथासोबत देण्याकरितां तो स्फटिकांच्या भाजलेल्या मातीच्या प्रतिकृति करवून घेत होता. तें काम करणारा त्याचा साहाय्यक कारांझो यास नमुन्याचा कोन मातींत हुबेहूब उतरविण्याची अडचण पडूं लागली. तेव्हां त्यानें १७८० च्या सुमारास एक साधें यंत्र बनविलें: कात्रीसारखीं दोन पातीं, आणि त्यांचा फांक दाखविणारें अर्धवर्तुळ. दोन पैलूंवर दोन पातीं टेकवावीं, आणि अर्धवर्तुळावर अंश वाचावे. स्फटिकशास्त्राचें पहिलें मोजमाप हें अशा रीतीनें एका कारागिराच्या गरजेंतून निघालें. या यंत्राच्या बळावर रोमेनें १७८३ सालीं आपला चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून तो नियम सर्व जातींस लागू केला. सात वर्षांनीं तो वारला. शेवटीं शेवटीं त्याची दृष्टि अगदीं मंद झाली होती.

त्याच सुमारास या क्षेत्रांत एक शाळामास्तर उतरला. रने-ज्युस्त आउई हा एका गरीब विणकऱ्याचा मुलगा. धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला. एका मित्राच्या घरीं कॅल्साइटाचा, म्हणजे चुन्याच्या खनिजाचा, सुंदर स्फटिक त्याच्या हातून पडून फुटला, आणि त्याच्या तुकड्यांत त्यास सर्वत्र एकच तिरपा ठोकळा दिसला, अशी कथा आहे. आम्हांस ती थोडी सजविलेली वाटते. कारण स्वीडनमधील बर्गमननें तशाच स्वरूपाचें निरीक्षण आउईच्या आधींच प्रसिद्ध केलें होतें. पण आउईनें घरीं जाऊन आपला संग्रह फोडला हें खरें, आणि त्यांतून त्यानें जो सिद्धान्त काढला तो सर्वस्वीं त्याचाच. प्रत्येक खनिजाचा स्वतःचा एक मूळ ठोकळा असतो. त्या ठोकळ्यांच्या राशी पायरीपायरीनें रचल्या कीं बाहेरचे सर्व पैलू तयार होतात. आणि म्हणून प्रत्येक कोन गणितानें आधींच सांगतां येतो. रोमेनें 'हा तर स्फटिक फोडणारा' असा त्याचा उपहास केला, परंतु सिद्धान्त टिकला. सन १७९२ च्या ऑगस्टांत आउई धर्मोपदेशक म्हणून तुरुंगांत पडला. त्याचा तरुण शिष्य जॉफ्र्वा सँ-तिलेर यानें खटपट करून सुटकेचा हुकूम आणला, तर उशीर झाला आहे, उद्यां निघूं, असें हा म्हणाला असें सांगतात! थोड्याच दिवसांत त्या तुरुंगांतील पुष्कळ लोकांची कत्तल झाली.

आउईच्या सिद्धान्तानें जे चमत्कार करून दाखविले ते खरोखर थक्क करणारे आहेत. पाचू आणि बेरिल यांचे कोन एकच, म्हणून तीं एकच खनिज असलीं पाहिजेत असें त्यानें ठरविलें. वोक्लँ या रसायनज्ञानें १७९८ सालीं दोहोंचें पृथक्करण करून तें खरें ठरविलें, आणि त्याच कामांत आज आपण ज्यास बेरिलियम म्हणतों त्या मूलद्रव्याचा शोध लागला. उलट, सिसिलींतील व डर्बीशायरमधील जे दगड बराइट या एकाच नांवाखालीं मोडत, त्यांचे कोन आउईस जुळेनात. तपासांतीं सिसिलीचा दगड बेरियमचा नसून स्ट्राँशियमचा निघाला. न तापवितां, न विरघळवितां, केवळ पातीं टेकवून रसायनज्ञांस वाट दाखवावी, याहून मोठा विजय कोणता?

परंतु विजयानें एक घातक संवय लागते. कॅल्साइटाच्या मूळ ठोकळ्याचा विशाल कोन आउईनें १०४ अंश २८ कला ४० विकला असा धरला होता. हा आंकडा मोजून आलेला नव्हे, हिशेबानें आलेला. ठोकळ्याचा प्रत्येक पैलू मधल्या अक्षाशीं बरोबर ४५ अंशांनीं कललेला आहे असें मानलें कीं हाच कोन निघतो. निसर्गास साधी प्रमाणें आवडतात अशी त्याची श्रद्धा, आणि ४५ अंशांपेक्षां साधें काय असणार! कारांझोचीं पातीं अर्ध्या अंशाच्या आंतबाहेर चुकत, त्यामुळें श्रद्धेस बाध येत नव्हता. वास्तविक हॉलंडमधील हायगेन्सनें १६९० सालीं प्रकाशावरील आपल्या ग्रंथांत हाच कोन १०५ अंश दिला होता. तिकडे कोणी लक्ष दिलें नाहीं.

सन १८०९ मध्यें लंडन येथें विल्यम वुलस्टन यानें एक नवें यंत्र पुढें आणिलें. वैद्यकी सोडून प्लॅटिनमच्या धंद्यांत पैसा मिळविलेला हा मनुष्य अबोल, पण हाताचा विलक्षण कुशल. त्याची युक्ति अशी: स्फटिकाचा लहानसा तुकडा मेणानें एका फिरत्या दांड्यावर असा चिकटवावा कीं दोन पैलूंची सामाईक धार दांड्याच्या रेषेंत येईल. डोळा अगदीं जवळ नेऊन पैलूंत खिडकीच्या गजाचें प्रतिबिंब पाहावें. मग दांडा फिरवावा, आणि दुसऱ्या पैलूंत तेंच प्रतिबिंब त्याच जागीं आलें कीं थांबावें. दांड्यास जोडलेलें चाक जितकें फिरलें तितके अंश १८० मधून वजा केले कीं कोन मिळाला. पैलू येथें आरसा झाला. पूर्वीं मोठा स्फटिक हवा असे, आणि मोठ्या स्फटिकाचे पैलू बहुधा खडबडीत असतात. आतां मोहरीएवढा कण चाले, इतकेंच नव्हे तर तोच अधिक बरा, कारण त्याचे पैलू चकचकीत असतात. अर्ध्या अंशाची चूक आतां थोड्या कलांवर आली.

वुलस्टननें १८१२ सालीं तीन खनिजांचें मोजमाप प्रसिद्ध केलें. कॅल्साइट, म्हणजे चुन्याचें कार्बोनेट: १०५ अंश ५ कला. डोलोमाइट, ज्यांत चुन्यासोबत मॅग्नेशियम असतें: १०६ अंश १५ कला. सिडेराइट, म्हणजे लोखंडाचें कार्बोनेट: १०७ अंश. आउईच्या मतें हीं तिन्ही एकाच ठोकळ्याचीं होतीं. सिडेराइट म्हणजे कॅल्साइटाच्याच सांच्यांत मागाहून शिरलेलें लोखंड, असें तो म्हणे.

या आंकड्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पहिल्या आंकड्यानें आउईचा हिशेब छत्तीस कलांनीं चुकला. अक्षाशीं होणारा कल ४५ अंश नसून सुमारें ४५ अंश २३ कला निघाला, आणि साध्या प्रमाणांची श्रद्धा ढांसळली. परंतु पुढच्या दोन आंकड्यांनीं आउईचेंच मुख्य तत्त्व उचलून धरलें, कारण तीन निराळ्या द्रव्यांचे तीन निराळे कोन आले. प्रत्येक खनिजास स्वतःचा कोन असतो हें आउईचें म्हणणें, आणि तें वुलस्टननें आउईच्या विरुद्ध सिद्ध करून दिलें! आउईनें हा नजराणा स्वीकारला नाहीं. शेवटपर्यंत त्यानें आपला आंकडा सोडला नाहीं. सूक्ष्म यंत्रापेक्षां साधें प्रमाण अधिक विश्वासार्ह, असा त्याचा आग्रह राहिला. त्यास हट्टी म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें त्याच्या बाजूनें एवढें बोललेंच पाहिजे कीं, ज्या श्रद्धेनें त्याला पाचू आणि बेरिल एक आहेत असें दाखविलें, तीच श्रद्धा येथें त्याच्या आड आली. एक ठेवून दुसरी टाकणें त्यास शक्य नव्हतें.

आणखी एक आघात व्हावयाचा होता. जर्मन रसायनज्ञ मिट्चर्लिख यानें १८१९ सालीं दाखविलें कीं, सारख्या घडणीचीं निराळीं द्रव्यें जवळजवळ सारखाच आकार घेतात, आणि एकाच स्फटिकांत मिसळूंही शकतात. तीन कार्बोनेटांचे कोन इतके जवळजवळ कां, हें आतां कळलें. पण म्हणूनच कोनावरून त्यांची ओळख पटवावयाची तर कलांपर्यंत मोजणें भाग झालें. पुढें त्यानेंच असेंही दाखविलें कीं, कॅल्साइट शंभर अंश सेंटिग्रेडनें तापविलें असतां त्याचा कोन सुमारें साडेआठ कलांनीं बदलतो. अढळ म्हणविणारा कोन थंडी-उन्हानें हलतो म्हणावयाचा! आउई १८२२ सालीं वारला.

यानंतर शंभर वर्षें खनिजशास्त्रज्ञाच्या मेजावर कोनमापक यंत्र असेच. हजारों द्रव्यांचे कोन मोजले गेले, आणि ग्रोट या जर्मन पंडितानें त्यांचा पांच खंडांचा कोश केला. सन १९१२ मध्यें क्ष-किरणांनीं स्फटिकाच्या आंतील अणूंची रांग उघडी पडली, आणि मोजमापाचा भार हळूहळू तिकडे गेला.

या इतिहासाचा एक धागा आमच्या काळ्या पाषाणापर्यंत येतो. सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर जे लाव्हाचे थर पसरले, त्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गाचे व इतर स्फटिक भरले आहेत. भोर घाटाच्या आगगाडीच्या रस्त्याचें खोदकाम सुरू झालें तेव्हां ते पुष्कळ बाहेर आले. पुण्याभोंवतालच्या खाणींतून ते आजही निघतात. यांतील दोन फार आढळणारीं खनिजें आउईनें स्टिल्बाइट या एकाच नांवाखालीं घातलीं होतीं. हेन्री ब्रुक या इंग्रजानें १८२२ सालीं, आउईच्या मृत्यूच्याच वर्षीं, त्यांचे स्फटिक तपासून त्यांची फारकत केली, आणि एकास ह्यूलँडाइट हें नांव दिलें. याच ब्रुकनें पुण्याकडच्या एका खनिजास 'पूनाहलाइट' असें नांव देऊन आमच्या शहरास मान दिला होता. पण तें स्वतंत्र खनिज म्हणून टिकलें नाहीं.

त्याच पोकळ्यांत अपोफिलाइट सांपडतें. हें नांव आउईनेंच १८०६ सालीं ठेविलें. पाषाण येथील खाणींतील त्याचे हिरवे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. हा स्फटिक पुष्कळदां फाशासारखा चौकोनी दिसतो आणि त्याचे कोपरे छाटलेले असतात. त्यामुळें तो खरा घन आहे असें कोणासही वाटावें. ज्याच्या घरीं असा तुकडा असेल त्यानें मोत्यासारखी झांक असलेला माथ्याचा पैलू शोधावा, आणि त्याचा छाटलेल्या कोपऱ्याशीं होणारा कोन मोजावा. खऱ्या घनाचा कोपरा असा सारखा छाटला गेला तर तिन्ही बाजूंशीं १२५ अंश १६ कला भरतात. अपोफिलाइटाचा कोन माथ्याशीं ११९ अंश २८ कला, आणि बाजूच्या पैलूंशीं १२८ अंश येतो. माथ्याकडील अंतर जवळजवळ सहा अंशांचें असल्यामुळें येथें वुलस्टनच्या आरशाची गरज नाहीं; पुठ्ठ्याचीं दोन पातीं आणि मुलांच्या कंपासपेटींतील कोनमापक एवढ्यानें काम भागतें.