जनमतकौल व त्यानंतरचीं वर्षें : गोमंतक आणि नागपूर

जुन्या मराठी दप्तरांत वावरणारांस ‘कौल’ हा शब्द नवा नाहीं. पडीत जमीन लागवडीस आणावयाची असली, ओस पडलेली पेठ पुन्हां वसवावयाची असली, किंवा स्वारीच्या धामधुमींत परागंदा झालेली रयत माघारीं आणावयाची असली, म्हणजे सरकारांतून कौल दिला जाई. त्यांत अभय असे, सवलतीची मुदत असे व मुदत सरल्यावर काय द्यावें लागेल याचाही उच्चार असे. दुसरा कौल देवाचा. देवाच्या मूर्तीस फुलें वा पाकळ्या लावून उजवें-डावें पाहण्याची चाल कोंकणांत व गोमंतकांत अद्यापि आहे. पहिला कौल राजानें प्रजेस दिलेला. दुसरा देवानें भक्तास दिलेला. आपला मुलूख कोणत्या राज्यांत असावा याविषयीं प्रजेनें राज्यकर्त्यांस दिलेला तिसऱ्या जातीचा कौल आपल्या बाजूस कायद्यानें एकदांच घेतला गेला. तो १६ जानेवारी १९६७ रोजीं गोमंतकांत झाला.

या कौलाविषयीं जें लिहिलें जातें तें बहुधा मतमोजणीपाशीं येऊन थांबतें. प्रस्तुत लेखांत आम्हांस त्यापुढील वर्षांचा विचार कर्तव्य आहे. नागपूरकर वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. गोमंतकाच्या कौलापूर्वीं दहा वर्षें नागपूरचें राजधानीपद गेलें, आणि तें जातांना येथील रयतेस कोणी कौल विचारला नाहीं. एके ठिकाणीं विचारलें, दुसरे ठिकाणीं विचारलें नाहीं; हीं दोन प्रकरणें शेजारीं शेजारीं ठेवल्यानें कौलाचें सामर्थ्य किती व मर्यादा कोणती, याचा निर्णय करण्यास साधन मिळतें.

१. पूर्वपीठिका. १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीज अंमल संपला व १९६२ सालीं गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या डिसेंबरांत पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रांत विलीन व्हावें असें म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारारूढ होऊन श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. वेगळेपणाचा कैवार घेणारा युनायटेड गोअन्स पक्ष डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालीं विरोधी बाजूस बसला. विलीनीकरणवाद्यांचें म्हणणें असें कीं, निवडणूक जिंकली तोच कौल झाला, आतां निराळें विचारण्याचें कारण काय? विरोधकांचें म्हणणें असें कीं, राज्य कोणी चालवावें हा एक प्रश्न व राज्य असावें कीं नसावें हा दुसरा. अखेरीस संसदेनें १९६६ च्या डिसेंबरांत कायदा करून दुसरा प्रश्न स्वतंत्रपणें विचारण्याचें ठरविलें. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानें त्याच महिन्याच्या आरंभीं राजीनामा दिला व राष्ट्रपतींचा अंमल सुरू झाला.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हें होतीं : विलीनीकरणास फूल, केंद्रशासित राहण्यास दोन पानें. ज्या प्रांतांत देव फुलानें कौल देतो तेथें एका पक्षाच्या वांट्यास फूल यावें, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. दमण व दीव येथें महाराष्ट्राच्या जागीं गुजरात होता. तेथेंही विलीनीकरण नाकारलें गेलें.

२. आंकडे. गोव्यांत ३,८८,४३२ मतदारांपैकीं ३,१७,६३३ जणांनीं मत दिलें. म्हणजे शेंकडा ८१ हून अधिक. दोन पानांस १,७२,१९१ मतें पडलीं व फुलास १,३८,१७०. ७,२७२ मतें बाद झालीं. अंतर ३४,०२१ मतांचें. एकूण मतदानाच्या हिशेबानें पाहतां एका बाजूस शेंकडा ५४, दुसऱ्या बाजूस ४३. यास एकमुखी निर्णय कोणी म्हणणार नाहीं.

या आंकड्यांचा अर्थ ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदु’ असा सरधोपट लावण्याची पद्धत पडून गेली आहे. ती तपासून पाहूं. त्या काळीं गोव्याच्या लोकसंख्येंत ख्रिस्ती समाज दोन पंचमांशांहून कमी होता. मतदानास येण्याचें प्रमाण दोहींकडे सारखें धरलें व यच्चयावत् ख्रिस्ती मत दोन पानांस पडलें असें मानलें, तरी शंभरांत चाळीसांच्या आंतच बेरीज येते. चोपन्नाची भरती होण्यास उरलेल्यांपैकीं निदान चारांत एकाजवळपास मतदारानें दोन पानांवर शिक्का मारलेला असला पाहिजे. मडगांवचें ‘राष्ट्रमत’ हें मराठी दैनिक विलीनीकरणाविरुद्ध लढत होतें, हीही गोष्ट त्याच दिशेनें जाते. ‘गोमंतक’ हेंही मराठी दैनिक, पण तें विलीनीकरणाच्या बाजूस होतें. तात्पर्य, मराठीचा अभिमान व महाराष्ट्रांत विलीन होण्याची इच्छा या दोन वस्तु एकच नव्हेत, असें मानणारा मराठी वाचकवर्ग तेथें होता. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टी या मुलखांत, कल सामान्यतः वेगळेपणाकडे होता, व पेडणें, डिचोली, सत्तरी, फोंडें या नव्या काबिजादींत विलीनीकरणाकडे. पोर्तुगीज अंमल कोठें साडेचार शतकें व कोठें पावणेदोनशें वर्षें होता, याची ही रेघ धर्मभेदाच्या रेघेइतकीच विचारांत घेण्याजोगी आहे.

३. राजकीय परिणाम. कौलानंतर एकाहत्तर दिवसांनीं, २८ मार्च १९६७ रोजीं, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाचें आद्य ध्येय मतदारांनीं नुकतेंच नाकारलें होतें त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोअन्स पक्षास १२. बांदोडकर पुनः मुख्यमंत्री झाले. या घटनेचे दोन अर्थ लावतां येतात. एक असा कीं, विलीनीकरण नको म्हणणाऱ्या कांहीं मतदारांस कारभारी मात्र बांदोडकरच हवे होते. दुसरा असा कीं, कोणीही मत बदललें नाहीं; शंभरांत त्रेचाळीस मतें सरळ सामन्यांत हरतात, पण अनेक उमेदवारांच्या निवडणुकींत बहुसंख्य जागा मिळविण्यास पुरतात. दोहोंपैकीं कोणताही अर्थ घेतला तरी निष्कर्ष एकच निघतो : सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल हा कोणत्याही एका प्रश्नावरील कौल म्हणून वाचतां येत नाहीं. डॉ. सिक्वेरा यांचा मूळ आग्रह हाच होता, व त्याची सिद्धता त्यांच्याच पक्षाच्या पराभवानें झाली.

बांदोडकरांनीं निर्णय मानला, ही गोष्ट इतिहासानें त्यांच्या खातीं जमा केली पाहिजे. ज्या प्रदेशाचें वेगळें अस्तित्व त्यांस नको होतें त्याचाच कारभार त्यांनीं १२ ऑगस्ट १९७३ रोजीं मृत्यु येईपर्यंत चालविला. पुढें त्यांच्या कन्या श्रीमती शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या व १९७९ पर्यंत त्या पक्षाची सत्ता राहिली. विलीनीकरणासाठीं निघालेला पक्ष वेगळ्या गोव्याचा घडविणारा झाला.

तथापि कौलानें सर्व वाद मिटले असें समजणें चुकीचें होईल. कौलांत भाषेविषयीं कांहीं विचारलें नव्हतें. म्हणून भाषेचा वाद शिल्लक राहिला. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ पासून राजभाषेसाठीं तीव्र आंदोलन झालें व त्यांत रक्तही सांडलें. १९८७ च्या राजभाषा कायद्यानें कोंकणी राजभाषा ठरली व सरकारी कामांत मराठीच्या वापरासही मुभा राहिली. त्याच वर्षीं ३० मे रोजीं गोवा घटकराज्य झालें. मतपत्रिकेवर जो पर्याय छापलाच नव्हता तो वीस वर्षांनीं प्रत्यक्षांत आला.

४. आर्थिक परिणाम. कौलाच्या प्रचारांत पोटाचे प्रश्न भाषेच्या प्रश्नाइतकेच बोलले गेले. महाराष्ट्रांत १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी आली होती. ती गोव्यास लागू झाली तर माडाची सुर काढणाऱ्या रेंदेर कुटुंबांचें काय होणार, हा प्रश्न गांवोगांव होता. दुसरी भीति नोकऱ्यांची. पणजी ही राजधानी न राहतां जिल्ह्याचें ठाणें झाली तर कचेऱ्या जातील, व त्यांच्या मागोमाग कारकून, वकील, दुकानदार यांचीं पोटें जातील. उलट पक्षीं नव्या काबिजादींतील कुळास वाटे कीं, भाटकाराच्या पाशांतून सुटण्यास महाराष्ट्राचे कुळकायदेच उपयोगी पडतील.

निकालानंतर पणजीचें स्थान टिकलें, व १९८२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ व १९८५ सालीं विद्यापीठ हीं तेथें आलीं. कुळांचा प्रश्नही महाराष्ट्रांत न जातां सोडविण्याचा यत्न झाला. १९६४ चा कुळकायदा होताच; १९७५ सालीं मुंडकारांस, म्हणजे भाटकाराच्या जागेंत घर बांधून राहणारांस, बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें कसणारास जमिनीची मालकी देण्याचें तत्त्व स्वीकारलें गेलें. हरलेल्या पक्षाच्या मतदारांस जें हवें होतें त्यांतील मोठा भाग, त्यांच्याच पक्षाच्या राजवटींत, जिंकलेल्या व्यवस्थेच्या चौकटींत मिळाला. ५४ व ४३ अशी दुभंगलेली प्रजा पुनः एकत्र नांदली याचें कारण कौलापेक्षां कौलानंतरच्या या कारभारांत शोधावें, असें आमचें मत आहे.

५. नागपूर. आतां आपल्या घराकडे वळूं. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला व नागपूर त्याची राजधानी झालें. पुढें वऱ्हाड जोडला गेला, १९२३ सालीं विद्यापीठ आलें, १९३६ सालीं ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाच्या जागीं उच्च न्यायालय आलें. १९५३ च्या सप्टेंबरांत नागपूर करार झाला : संयुक्त महाराष्ट्रांत विदर्भास खर्चाचा व नोकऱ्यांचा यथाप्रमाण वांटा मिळावा, वर्षांतून कांहीं काळ सरकारनें नागपुरास राहावें व विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन विदर्भांत भरावें, असा त्याचा आशय. दोन वर्षांनीं, ३० सप्टेंबर १९५५ रोजीं, फाजल अली आयोगानें याच्या उलट, आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मान्य न होतां १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला. मध्यप्रदेशची राजधानी भोपाळास गेली, उच्च न्यायालय जबलपुरास गेलें, व नागपुरास मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ उरलें. हें सर्व घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदास धरून झालें. त्यांत रयतेचा कौल घेण्याची अट नाहीं.

पणजीस जें गमावण्याची भीति होती तें नागपुरानें प्रत्यक्ष गमावलें. सचिवालय गेलें म्हणजे केवळ इमारती रिकाम्या होत नाहींत; अपील, अर्ज, ठेका, बदली यांसाठीं येणारा माणूस येईनासा होतो, व त्याच्या येण्यावर जगणारी पेठ आटते. १९६० पासून भरणारें हिवाळी अधिवेशन ही त्या नुकसानीची भरपाई नसून आठवण आहे. कराराचें पालन किती झालें याचा सरकारी हिशेब दांडेकर समितीनें १९८४ सालीं मांडला : राज्याचा एकंदर अनुशेष सुमारें ३,१८७ कोटी रुपये, व त्यांत विदर्भाचा वांटा शेंकडा ३९ च्या आसपास. १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें झालीं. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

कौल न झाल्यामुळें नागपुरांत प्रत्येक निवडणूक कौल म्हणून वाचली जाऊं लागली. १९६२ सालीं लोकनायक बापूजी अणे नागपुरांतून लोकसभेवर गेले. तो विदर्भाचा कौल म्हटला गेला. १९७१ सालीं श्री. जांबुवंतराव धोटे निवडून आले, तोही तसाच. उलट, इतर वेळीं ज्या पक्षांनीं संयुक्त राज्य चालविलें त्यांचे उमेदवार निवडून आले कीं विदर्भास वेगळें राज्य नको असा अर्थ काढला गेला. पुढें कांहीं संस्थांनीं आपापल्या मतपेट्या मांडून कौल घेतले. त्यांस कायद्याचें बळ नव्हतें. गोमंतकाचा १९६७ सालचा पुरावा या उभय पक्षांच्या युक्तिवादास बाधक आहे. ज्यांस विदर्भ हवा त्यांनीं अणे-धोट्यांचे विजय पुरावा म्हणून मांडूं नयेत. ज्यांस नको त्यांनीं काँग्रेसचे विजय मांडूं नयेत.

६. निष्कर्ष. कौल जेवढें विचारावें तेवढेंच सांगतो. गोमंतकांत विलीनीकरणाचा प्रश्न विचारला गेला व तो सुटला; भाषेचा विचारला गेला नाहीं, तो वीस वर्षें धुमसला. नागपुरांत कांहींच विचारलें नाहीं, म्हणून सत्तर वर्षांजवळ आलीं तरी वाद जागचा हलला नाहीं. परंतु केवळ विचारल्यानेंही भागत नाहीं. जुन्या कौलनाम्यांत जसें अभयाबरोबर मुदतीचें व देण्याचें कलम असे, तसें हरलेल्या पक्षास काय मिळणार याचें कलम नव्या कौलासही लागतें. गोमंतकांत तें लिहिलेलें नव्हतें, पण कारभारानें पाळलें गेलें. नागपूर करारांत तें लिहिलेलें होतें, पण अपुरें पाळलें गेलें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्नरी व दौलताबादी कागदावर काळ्या शाईनें लिहिलेलीं पत्रें तीनशें वर्षें टिकलीं. १९५६ चीं व १९६७ चीं हस्तपत्रकें, सभांच्या जाहिराती, वर्तमानपत्रांचीं पुरवणीपानें हीं हलक्या कागदावर छापलेलीं असून आजच तुकडे होऊन गळत आहेत. फुलाचीं व दोन पानांचीं पत्रकें, गांवोगांवच्या समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, नागपूरच्या वकिलांच्या रोजनिशा, घरमालकांच्या भाड्याच्या खतावण्या, हीं ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीं नवीं म्हणून रद्दींत घालूं नयेत. राजधानी गेल्यानें पेठेचें किती नुकसान झालें याचा खरा पुरावा आयोगांच्या अहवालांत जितका आहे त्याहून अधिक या खतावण्यांत सांपडेल, व त्या हातीं आल्यावांचून नागपूरच्या या प्रकरणाचा इतिहास लिहून पुरा झाला असें म्हणतां येणार नाहीं.