कोणत्याही दोन खुणा

बारामती-इंदापूरकडच्या गावांत बाळंतीण घरी आली की आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, पिशवी घेऊन दारात हजर होते. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिची फेरी ठरलेली. "बाळ नीट पितंय ना? पहिल्यासारखं रडतंय का?" हे ती हटकून विचारते. या साध्या प्रश्नांमागचा इतिहास गडचिरोलीतला आहे.

पोराच्या छातीचा भाता जोरात चालू लागला, फासळ्यांखाली खळगे पडू लागले की "डबा झालाय", म्हणजे न्यूमोनिया झालाय, असं जुन्या बायका म्हणायच्या. म्हणजे खूण घराला ठाऊक होती, उपाय मात्र हाताशी नव्हता. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पन्नासपर्यंत मोजणं न जमणाऱ्या सुइणींनाही श्वास मोजता यावेत म्हणून तिथे मण्यांचं एक साधन तयार झालं: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला, म्हणजेच सेप्सिस झाला, तर ओळखायचं कसं, हा प्रश्न त्याहून अवघड होता. झोपडीत रक्ताची तपासणी कुठून होणार? १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना खुणा शिकवल्या गेल्या: रडणं क्षीण होणं, दूध ओढणं मंदावणं, बाळ गुंगीत जाणं, अंग तापणं किंवा गार पडणं, पोट फुगणं, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू होणं. दोन खुणा एकदम दिसल्या की सेप्सिस समजायचा. दोनच का? थंडीत निरोगी बाळाचंही अंग गार लागतं. पण गार अंगाचं बाळ दूधही सोडतं, तेव्हा थांबायला वेळ नसतो. आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. डिसेंबर १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट'ने छापलं.

मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत हीच खटपट वेगळ्या वाटेने चालली होती. २००५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मुलांचे सहा वयोगट केले आणि नाडी, श्वास, ताप यांच्या मर्यादा बांधल्या. त्यात साध्या विषाणूतापाची मुलंही सापडत. जानेवारी २०२४ मध्ये 'फिनिक्स' निकष आले. त्यांत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मेंदू यांच्या बिघाडाला गुण दिले जातात. संसर्गाचा संशय आणि किमान दोन गुण, म्हणजे सेप्सिस. मात्र असा बिघाड दिसेपर्यंत मूल आधीच गंभीर झालेलं असतं.

२०११ मध्ये नवजात बाळाची घरोघर काळजी देशभरच्या आशांकडे आली, पण गडचिरोलीतलं इंजेक्शन त्यांच्या हाती आलं नाही. खूण ओळखायची आणि दवाखान्यात धाडायचं, हे त्यांचं काम. गळीत हंगामात कारखान्यांभोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. आई पहाटे फडात गेलेली, बाळाचं नाव दूरच्या गावच्या यादीत. त्या कोपीपर्यंत आशाताईची फेरी पोहोचायलाच हवी. तिथल्या बाळाचं दूध सुटलं, तर ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार?