‘अजून तुमचं वय नाही’

माळव्यात बायकांसाठी वेगळे दवाखाने निघाले ते बाळंतपणासाठी. त्यामागची एक गोष्ट आपल्या मध्य भारतातलीच आहे. १८८१ साली पन्नाच्या महाराणी आजारी होत्या. त्यांच्यावर एलिझाबेथ बीलबी नावाच्या मिशनच्या बाईंनी उपचार केले. त्या विलायतेला जायला निघाल्या, तेव्हा महाराणींनी व्हिक्टोरिया राणीसाठी एक निरोप लिहून घ्यायला सांगितला आणि तो लॉकेटमध्ये घालून पाठवला. पडद्यातल्या बायका आजारपणात काय सोसतात ते राणीला कळावं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १८८५ मध्ये लेडी डफरिन फंड निघाला आणि संस्थानोसंस्थानी जनाने दवाखाने झाले. आमच्या धारला, पवारांच्या राजधानीत, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा आल्या. १८९१ साली त्या कॅनडाहून निघाल्या, आणि मग त्यांची हयात बहुतेक धारलाच गेली.

या सगळ्यांचे उपकार आहेतच. सुईणीच्या हाती कितीतरी बायका जात होत्या, त्या वाचायला लागल्या. पण एक गोष्ट तेव्हापासून चिकटली ती चिकटलीच. बाईचं आजारपण म्हणजे कूस, आणि कुशीचं काम संपलं की बाई दवाखान्याच्या नजरेतून उतरली. स्वतंत्र भारतात १९५२ साली कुटुंबनियोजन आलं, मग माता-बालसंगोपन आलं, आता गरोदर बायकांसाठी महिन्याच्या नऊ तारखेची तपासणी आहे. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईला आजही प्रश्न विचारतात ते तिच्या १५ ते ४९ वयात. पन्नाशीनंतर बाई त्या कागदावरून पुसलीच जाते.

पन्नास हा आकडाही आपल्याकडे जुना. सुश्रुतांनी पाळीचं वय बारा ते पन्नास असं सांगून ठेवलंय. तो आकडा वैद्यांच्या, डॉक्टरांच्या आणि आपल्याही डोक्यात इतका पक्का की, चाळिशीत कोणी ‘मला पाळी जायची लक्षणं वाटतात’ म्हटलं की समोरचा हसतोच. खरं पाहता भारतातल्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. गोऱ्या बायकांची ५१ च्या सुमारास. आणि ती एका दिवसात बंद होत नाही. त्याआधी चार-सहा वर्षं शरीराची उलथापालथ चालते. म्हणजे आपल्या बाईला बेचाळिसाव्या वर्षी त्रास सुरू झाला, तर तो वेळेआधी आलेला नाही. पाश्चात्य पुस्तकातल्या तारखेच्या आधी आला, इतकंच.

देवासच्या माझ्या एका नात्यातल्या भगिनीचं उदाहरण सांगते. वय बेचाळीस. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास दिवसांनी. रात्री तीनला घामाने भिजून जाग यायची, छाती धडधडायची, सांधे दुखायचे, बोलताबोलता साधा शब्द आठवायचा नाही. आपल्याकडे चौविहार पाळणाऱ्या बाईला सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नसतो. त्यात अंगातून वाफा निघत असल्या तर रात्र कशी जात असेल बघा! पहिल्या डॉक्टरांनी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला. ‘अजून तुमचं वय नाही, टेन्शन घेऊ नका’ असं म्हणून झोपेची गोळी दिली. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. तिने स्वतःहून हार्मोनच्या औषधाचं विचारलं, तर उत्तर मिळालं, कॅन्सर करून घ्यायचाय का?

त्या नॉर्मल रिपोर्टबद्दल एक सांगायला हवं. या काळात हार्मोनचं प्रमाण आज चढतं, उद्या उतरतं. एका दिवसाच्या रक्तावरून काहीच ठरत नाही. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेने २०१५ मध्येच लिहिलंय की ४५ च्या पुढच्या बाईचं निदान लक्षणं ऐकून करावं, रक्त तपासत बसू नये. त्याहून लहान बाईचं रक्त तपासावं, पण एकदाच तपासून निकाल देऊ नये. पाळी ४५ च्या आधीच गेली तर उपचार जास्तच निकडीचे, कारण हाडं आणि हृदय दोन्ही इस्ट्रोजेनवाचून लवकर उघडी पडतात. म्हणजे ‘वय नाही’ म्हणून जिला परत पाठवतात, तिलाच त्याची गरज अधिक.

आता कॅन्सरचं. ही भीती आली कुठून, तो इतिहास आपल्याला कोणी सांगत नाही. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनान्ट या दोघांनी गरोदर बायकांच्या लघवीतून इस्ट्रोजेन वेगळं काढलं. मग औषध कंपन्यांना जास्त लघवी हवी झाली, तेव्हा गाभण घोड्या सापडल्या. १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ नावाची गोळी आली. नावातच घोडीचं मूत्र आहे, ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या तीन शब्दांचे तुकडे जोडून ते केलंय. धारला डॉक्टरीण पाठवणारा कॅनडा तो हाच.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की गोळी घ्या आणि कायम तरुण राहा. त्या पुस्तकाचा मला रागच येतो. नवऱ्याला बायको ताजीतवानी दिसावी म्हणून औषध! १९७५ मध्ये कळलं की गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. त्यावर उपायही मिळाला, जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यायचं.

मग जुलै २००२ उजाडला. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेला मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला, आणि जगभर वर्तमानपत्रांनी ओरड केली. आकडा होता वर्षाला दर दहा हजार बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या आठ जास्तीच्या केसेस. पण त्या अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वर्षांच्या होत्या, सरासरी वय ६३. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झालेली. त्रेसष्टच्या आजीबाईंचा निकाल बेचाळिसाव्या वर्षाच्या बाईला लावला गेला, आणि एक अख्खी पिढी डॉक्टरांची हे औषध लिहायचं विसरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. गर्भाशय असताना एकटं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र राहिला, आणि तो राहायलाच हवा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, रक्ताच्या गाठी, पक्षाघात, लिव्हरचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव असं काही असेल तर ही वाट नाही, हेही खरंच.

आपल्या समाजातल्या बायकांची अडचण आणखी वेगळी. घोडीला बांधून ठेवायचं, पोतं लावून तिचं मूत्र गोळा करायचं, आणि २००२ नंतर मागणी पडली तेव्हा कित्येक घोड्या आणि शिंगरं कत्तलखान्यात गेली. हे वाचून कुठली श्रावक बाई ती गोळी तोंडात घालेल? बरं, दुसरी वाट बघावी तर १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. इकडे घोडी, तिकडे कंदमूळ! मी हे सांगितलं तेव्हा मंदिरातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. पण तिसरी वाटही आहे. पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाने सोयाबीनपासून हीच हार्मोन्स करून दाखवली, आणि आपला माळवा तर सोयाबीनचाच. आज मिळणारं इस्ट्राडायोल वनस्पतीपासून केलेलं असतं. कातडीवर चोळायची जेल मिळते, ती पोटात जात नाही, आणि गोळीपेक्षा तिच्यात रक्ताच्या गाठीची भीतीही कमी. प्रोजेस्टेरॉनची मऊ कॅप्सूल मात्र बहुधा जिलेटिनची असते, आणि ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात कारण गुंगी येते. चौविहार असणाऱ्या बाईने काय करायचं? डॉक्टरांना हे स्पष्ट सांगायचं. माझ्या त्या भगिनीला शेवटी इंदूरला ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी तिच्या जेवणाची वेळ विचारून घेतली आणि औषध सूर्यास्ताच्या आत बसवून दिलं. तेवढं विचारायला दोन मिनिटं लागली. देवासहून इंदूर जेमतेम चाळीस किलोमीटर, पण तिथवर पोचायला तिला दीड वर्ष लागलं.

तिसऱ्या डॉक्टरांच्या ‘पिशवी काढून टाका’वर आता येते, कारण आपल्या भाषेतल्या बायकांचा सगळ्यात कडू इतिहास तिथे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, म्हणून पाळीच नको. २०१९ मध्ये बोंब झाल्यावर राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. शंभरातल्या जवळजवळ सतरा. देशात १५ ते ४९ वयात हे प्रमाण तीनाच्या आसपास आहे. छत्तीसगड आणि बिहारमध्येही २०१२ साली असंच उघडकीला आलं होतं, तिथे सरकारी विम्याचे पैसे होते.

आपण म्हणू, ती गरिबी. पण आपल्या घरांतही पिशवी काढल्यावर बायका सुटकेचा श्वास टाकतात. आता मुनिराजांना आहार देता येईल, पर्युषणात अडचण येणार नाही, मंदिर चुकणार नाही. उसाच्या फडातला खाडा आणि आपला खाडा मला तरी फार लांबचे वाटत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं की गरज नसताना पिशव्या काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत लागू करा. पण ज्यांच्या आधीच काढल्या त्यांचं काय? पिशवीबरोबर अंडाशयही गेले असतील, तर त्या बाईची रजोनिवृत्ती एका रात्रीत झाली, मग वय तीस असो की पस्तीस. अंडाशय ठेवले असले तरी ते बऱ्याचदा लवकर थकतात. अशा बाईला प्रोजेस्टेरॉनची गरज नसते, नुसतं इस्ट्रोजेन चालतं. त्याच अमेरिकन अभ्यासाचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांवर होता. तो २००४ मध्ये थांबवला. पक्षाघात थोडे वाढले होते, पण स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. त्याची ओरड कुठल्या वर्तमानपत्राने केली नाही.

तेव्हा ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी घरातली जुनी फाइल काढा. डिस्चार्जच्या कागदावर अंडाशय ठेवले की काढले ते लिहिलेलं असतं. कागद सापडला नाही तर सोनोग्राफीत बऱ्याचदा कळतं. तो कागद, ऑपरेशनची तारीख आणि तेव्हाचं आपलं वय, एवढं घेऊन डॉक्टरांकडे जा.