स्लीव्ह कार

स्लीव्ह कार : पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यातील निर्जन डोंगर. कॉरस्लीव्ह असेही नाव. उंची ७२१ मी. नेफिन बेग रांगेतील हे सर्वोच्च शिखर; ८०६ मी. उंचीचा नेफिन डोंगर रांगेपासून सुटा उभा असल्याने त्याला या हिशेबात सहसा धरत नाहीत.

उंचीवरून या डोंगराचा अंदाज बांधू नये. चालणाऱ्याचा खरा कस लागतो तो चढाआधीच्या दलदलीत. अटलांटिकवरून येणारे ढग वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस येथे पाऊस पाडतात. पाण्याने गच्च भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही; मेलेले शेवाळ आणि गवत पुरते कुजत नाही, थरावर थर साचून त्याचे पीट बनते. पश्चिमेकडच्या ओवेनडफ नदीच्या खोऱ्यात हे आच्छादन मैलोन्‌मैल पसरले आहे. पश्चिम युरोपात ते इतके अखंड फार थोड्या ठिकाणी उरले आहे. १९९८ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. आज ते ‘वाइल्ड नेफिन’ नावाने ओळखले जाते.

न्यूपोर्ट ते बँगर एरिस ही सुमारे ४० किमी. लांबीची जुनी गुरांची वाट, म्हणजे बँगर ट्रेल, डोंगराच्या पश्चिम अंगाने जाते. ती सोडली की आपली वाट आपणच काढायची. पोपटी शेवाळ दिसले तर वळसा घालावा. खाली पाणी असते. मोलिनिया गवताचे झुबके पाय मुरगाळतात, तर पीट झिजून पडलेल्या काळ्या घळ्यांत सरळ रेषा टिकत नाही. तासाला ५ किमी. आणि दर ३०० मी. चढाला अर्धा तास जादा, हे गिर्यारोहक नाइस्मिथचे १८९२ चे गणित येथे कोलमडते. दुप्पट वेळ धरलेला बरा. वर हेदर आणि खडक लागले की पाय सुटतात. सपाट, रुंद माथ्यावर दगडांची मोठी प्राचीन रास आहे.

निसर्गतज्ज्ञ रॉबर्ट लॉइड प्रेगर यांनी ‘द वे दॅट आय वेन्ट’ (१९३७) या पुस्तकात या मुलखाच्या एकांताविषयी लिहिले आहे. त्यांना तो उदास नव्हे, उमेद देणारा वाटला. जोडीला माणूस नसेल, तर त्यांच्याशी सहमत होण्यापूर्वी हवामान पाहावे.

धुक्यात माथ्यावर दिशा सहज चुकते. नकाशा आणि होकायंत्र हवेच. अपघात झाल्यास ११२ किंवा ९९९ वर ‘माउंटन रेस्क्यू’ मागावे. फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगूनच निघावे.