धुराशिवाय अग्नी : स्पिरिट, सुरक्षितता आणि आपला बीड जिल्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तुमचा आणि स्पिरिटच्या टाकीचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच. आधी इतिहास पाहू.

उसाचा रस आटवून साखर काढली की खाली मळी उरते. मळी आंबवली आणि तिचं ऊर्ध्वपातन केलं की मद्यार्क मिळतो. एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. तो ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध केला की त्याला रेक्टिफाइड स्पिरिट म्हणतात. उरलेलं पाणी काढून साडेनव्याण्णव टक्क्यांच्या पुढे नेला, की तेच पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल. पदार्थ एकच, पण इतिहासात त्याच्याकडे बघण्याची नजर तीनदा बदलली.

पहिली नजर खजिन्याची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अबकारी हे त्या संस्थानाच्या उत्पन्नाचं एक मोठं साधन होतं. ब्रिटिश मुलखातही निराळं चित्र नव्हतं. त्यामुळे दारू असो की स्पिरिट, त्याच्यावर कुलूप, मोजमाप, नोंदवही आणि पहारा आला. पण हा सगळा बंदोबस्त कशासाठी? थेंब चोरीला जाऊ नये, कर बुडू नये यासाठी. ठिणगी पडू नये हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं, कारण या सवयीचा वारसा अजून टिकून आहे. स्पिरिटच्या गोदामावर दोन कुलपं असतील आणि आग लागल्यावर लागणारा फोम नसेल, असं होऊ शकतं. कुलूप म्हणजे सुरक्षितता नव्हे.

दुसरी नजर इंधनाची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटारीत अल्कोहोल मिसळण्याचा विचार जोरात आला. १९४८ साली केंद्राने ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदाही केला. पुढे स्वस्त खनिज तेल आलं आणि ही कल्पना मागे पडली. मळी कित्येक वर्षं कारखान्यांच्या डोक्याला ताप होऊन बसली. मग २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना आली. २०१८ मध्ये जैवइंधन धोरण आलं, २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि नंतरच्या तीन वर्षांत वीस टक्क्यांच्या आसपास मजल मारली.

याचा अर्थ बघा. जे स्पिरिट आवाराच्या आत कुलपात होतं, ते रस्त्यावर आलं. धुळे–सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्याच्या मधून जातो. हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, कोयता घेऊन निघालेल्या तोडणी टोळ्यांच्या गाड्या आणि ज्वालाग्राही द्रवाचे टँकर एकत्र चालतात. धोका कारखान्याच्या भिंतीबाहेर आला, पण त्याचं ज्ञान भिंतीच्या आतच राहिलं. आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हा आहे.

तिसरी नजर कायद्याची. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं ३७ वं कलम अवश्य वाचा. ज्वालाग्राही पदार्थ ज्या टाकीत आहे, किंवा पूर्वी *होता*, त्या टाकीवर वेल्डिंग-कटिंग करू नका. आधी आतला पदार्थ आणि त्याची वाफ पूर्ण काढा किंवा निर्धोक करा, आणि धातू थंड झाल्याशिवाय पुन्हा भरू नका, असा त्याचा आशय होता. ‘पूर्वी होता’ हे शब्द लाखमोलाचे आहेत. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला कळलं होतं, की रिकामी टाकी रिकामी नसते. आपल्याकडे मात्र आजही ‘टाकी रिकामीच आहे, मार दोन टाके’ हे वाक्य सहज बोललं जातं.

भोपाळ १९८४ मध्ये घडलं. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. धोका काय आणि उपाय काय, ही माहिती कामगारांना आणि *आसपासच्या लोकांनाही* दिली पाहिजे, असं मालकावर बंधन आलं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे नियम आले, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या आपत्ती नियोजनाचे नियम आले. त्यात जिल्हा पातळीवर समिती आणि आराखडा यांची तरतूद आहे. कागदावर आपण दरिद्री नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. पण नैयायिक इथे थांबत नाहीत. ते विचारतात, उलट म्हणता येईल का? जिथे अग्नी तिथे धूर? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्याला ते उपाधी म्हणतात. म्हणजे धूर दिसला तर अग्नी आहेच, पण धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असं ठरत नाही.

आम्ही हे उदाहरण अनेक वर्षं फळ्यावर शिकवलं. स्पिरिटच्या आगीत ते जिवंत होतं. शुद्ध मद्यार्काची ज्वाला फिकट निळी असते, धूर जवळजवळ नसतो, आणि भर उन्हात ती डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. पेट्रोल किंवा टायर पेटलं की काळा लोट कोसभरावरून दिसतो. इथे माणूस चालत चालत आगीत शिरू शकतो. आपल्या गावाकडचा सगळा अनुभव चुलीचा, पाचटाचा, गंजीचा. त्या अनुभवाने शिकवलेलं अनुमान इथे फसतं. शहाणपण कमी पडतं असं नव्हे. ते वेगळ्या इंधनावर शिकलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी अशाच आहेत. पहिली वाफेची. द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ तयार होते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. इथेनॉलचा तो सुमारे १३ अंश सेल्सिअस. म्हणजे बीडमध्ये वर्षातले जवळपास सगळे दिवस. हवेत ही वाफ साधारण ३.३ ते १९ टक्के असेल तेव्हा ती पेटू शकते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते, की बहुधा हवाच कमी पडते. इथेनॉलच्या टाकीत मात्र १२–१३ अंशांपासून सुमारे ४२ अंशांपर्यंत द्रवावरची मोकळी जागा नेमकी पेटण्याजोग्या मिश्रणाने भरलेली असते. म्हणून अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. शिवाय ही वाफ हवेच्या दीडपट जड. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, गटारात, खड्ड्यात, तळघरात साठते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘स्पिरिट पाण्यात विरघळतं, मग पाणी ओता म्हणजे झालं’ असं ऐकू येतं. अर्धसत्य आहे. एक भाग स्पिरिट आणि चार भाग पाणी केलं, तरी त्या मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट साधारण ३६ अंश असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर जातो. थोडंसं सांडलं तर भरपूर पाण्याने काम होईल. टँकर सांडला तर होणार नाही. उलट पेटता द्रव पाण्याबरोबर वाहत दुसरीकडे जाईल. साधा फोमही चालत नाही, कारण मद्यार्क त्यातलं पाणी शोषून त्याचा थर मोडतो. मद्यार्करोधक फोमच लागतो. बंबात तो आहे का, हे आग लागण्यापूर्वी विचारायचं असतं.

आता गोंधळाचा इतिहास. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमाराला आग लक्षात आली. चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन महास्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. या घटनेत आम्हाला स्फोटापेक्षा आधीचे दोन तास जास्त बोलके वाटतात. जहाज बुडवावं, की ओढून बाहेर न्यावं, की विझवत राहावं? वेगवेगळे अधिकारी धक्क्यावर होते. प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं. पण शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेलं नव्हतं. ज्ञान विखुरलेलं होतं आणि जबाबदारीही.

हाच धडा पुढे वेगवेगळ्या रूपांत येतो. ५ नोव्हेंबर १९९० रोजी रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. १३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ ज्वालाग्राही रसायनाचा टँकर पेटला आणि चौघांचा मृत्यू झाला. त्यातले काही पुलाखालच्या रस्त्यावर होते. पेटता द्रव वरून खाली आला. पाकिस्तानात बहावलपूरजवळ २५ जून २०१७ ला उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून घ्यायला गर्दी जमली, ते पेटलं आणि दोनशेहून अधिक लोक गेले. ती माणसं मूर्ख होती का? नाही. गरीब होती, आणि पेट्रोलची वाफ कशी वागते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आपल्या गावापुरतं स्पष्ट बोलू. रस्त्यावर टँकर उलटला, तर बादल्या-कॅन घेऊन जाऊ नका. पिण्यासाठी तर अजिबात नाही. औद्योगिक स्पिरिटमध्ये पिता येऊ नये म्हणून विषारी द्रव्यं मिसळलेली असू शकतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर बळी घेतले, हे विसरू नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, उंचावर जा. नुसतं सांडलं असेल तर चहूबाजूंनी किमान ५० मीटर मोकळे ठेवा. गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटर. टँकर पेटला असेल तर सगळीकडून ८०० मीटर. गाडी चालू करू नका, बिडी पेटवू नका, जवळ उभं राहून मोबाइलवर शूटिंग करू नका. लांब जाऊन ११२ किंवा १०१ ला फोन करा आणि टँकरवरच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक सांगा. इथेनॉलचा क्रमांक ११७०. भाजलेल्या माणसावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी; टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. मग १०८.

कारखान्यातल्या माणसांसाठीही थोडक्यात. टँकर भरताना झाकण उघडण्यापूर्वी अर्थिंगची तार जोडा आणि भरणं संपल्यावरच काढा. लेखी परवाना आणि वाफेची तपासणी याशिवाय वेल्डिंग नाही. टाकीभोवतीच्या बांधात सांडलेलं सगळं मावलं पाहिजे. त्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा. आणि तोडणी मजुरांच्या कोप्या स्पिरिटच्या गोदामापासून दूर. पाचटाचं छप्पर, आत चूल, आत लेकरं. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं राज्यभरच्या कारखान्यांवर जातात. कारखान्याच्या आवारात राहणारी, पण कामगार म्हणून हजेरीपटावर नसलेली ही माणसं. आग लागल्यावर कुठे पळायचं, हे त्यांना पहिल्या दिवशी कोण सांगतं? आम्हाला विचाराल, तर आपत्ती आराखड्याची खरी परीक्षा ही आहे.

शेवटचा मुद्दा भाषेचा. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. चांगलं आहे. पण अपघातानंतर पहिल्या पाच मिनिटांत धावत येतो तो शेजारच्या शेतातला माणूस. त्याने वाचायचं काय? आपल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने शके १११० मधला मानलेला विवेकसिंधू त्यांनी मराठीत लिहिला. अवघड ज्ञान संस्कृतातच राहावं, असं मानणाऱ्यांचा तो काळ होता. लोकांच्या मोक्षाची गोष्ट लोकांच्या भाषेत सांगावी, असं त्यांना वाटलं. मग लोकांच्या जिवाची गोष्ट लोकांच्या भाषेत का नको?

तेव्हा मागणी साधी आहे. जिथे डिस्टिलरी आहे तिथल्या प्रत्येक ग्रामसभेत, गाळप सुरू होण्यापूर्वी, कारखान्याने मराठीत सांगावं: आमच्याकडे काय आहे, किती आहे, भोंगा कसा वाजेल, तो वाजला तर कुठे जायचं आणि शेवटचा शब्द कोणाचा. माहिती देण्याचं बंधन १९८७ पासून कायद्यात आहे. विचारण्याची सवय आपल्याला लावून घ्यायची आहे. पुढच्या ग्रामसभेत एकाने जरी उठून हा प्रश्न विचारला, तरी आजचं बोलणं कारणी लागलं असं आम्ही समजू.